मदत हवी आहे : पाचही स्वर असलेले इंग्रजी शब्द यादीतून कसे निवडायचे?

सातवीच्या मुलांसाठी शब्दकोडं करतेय. ए, ई, आय, ओ, यू ही पाचही अक्षरं प्रत्येकी एकदाच येतील असे इंग्रजी शब्द हवेत. क्रम कुठलाही चालेल. एज्युकेशन, डायलॉग (dialogue), सिकोया (sequoia, एक झाड) आणि आपला फ्लॉवर, म्हणजे कॉलिफ्लॉवर, हे आठवले. पुढे गाडी अडली.

शब्दांची मोठी यादी एक्सेलमध्ये आहे, एकाच रकान्यात, प्रत्येक ओळीत एक शब्द. कस्टम फिल्टरमध्ये दोनच अटी घालता येतात, मला पाच हव्यात. मग अक्षरांच्या मागेपुढे फुल्या (*) टाकून शोधलं, तर फसीशस (facetious) सारखे त्याच क्रमाने स्वर असलेलेच शब्द येतात, एज्युकेशन सुटतो. शब्द शोधून देणाऱ्या साइट्सही पाहिल्या. त्यात विशेषनामं आणि कोणी कधी न वापरलेले शब्दच जास्त, मुलं वैतागतील.

एक्सेल २०१३ आहे, लॅपटॉप शाळेचा, त्यामुळे नवीन काही इन्स्टॉल करता येत नाही. मॅक्रोही (एक्सेलमधले छोटे प्रोग्राम) बंद आहेत. गूगल शीट्स चालेल. वाय हा स्वर धरायचा नाही. अवघड शब्द मी हाताने काढेन, त्याची चिंता नको.

शेजारच्या रकान्यात टाकून खाली ओढता येईल असं एकच सूत्र आहे का, जे पाचही अक्षरं प्रत्येकी एकदाच आहेत का हे तपासून हो किंवा नाही देईल?