तिबेटी लोकनृत्य आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद : ही दाद की उसनवारी?

खर्जप्रेमी : संगीतकार ब्राइट शेंग यांची 'टिबेटन स्विंग' (२००२) ही वाद्यवृंदासाठीची रचना ऐकली. शेंग मूळचे शांघायचे. माओच्या सांस्कृतिक क्रांतीत कोवळ्या वयात त्यांची रवानगी छिंगहाई या चिनी प्रांतात झाली, तिबेटच्या सीमेलगत. तिथल्या नृत्यपथकात त्यांनी सात वर्षं पियानो आणि तालवाद्यं वाजवली. तिबेटी नर्तक लांब बाह्या झोकात फिरवतात, तोच झोक या रचनेत आहे. ठेका झकास, वाद ठेक्याशी नाहीच. पण तिबेटी माणूस कुठाय? ना गळा, ना द्रानयेन (त्यांची सहा तारांची वीणा). चाल घेतली आणि चालवाल्याला दाराबाहेर उभं केलं. उसनवारीच ही, तीही न फेडण्याच्या बोलीवर.

तिरकिट : मग वाद्यं घेतली की झालं का? अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लास यांनी दलाई लामांवरच्या 'कुंदुन' चित्रपटात (१९९७) लांबलचक तिबेटी तुताऱ्या घेतल्या, ग्युतो मठाच्या भिक्खूंचं खर्जातलं पठणही घेतलं. पण ते मठातलं संगीत, लोकसंगीत नव्हे. आपल्याला तिबेट म्हटलं की गूढ, गंभीर काहीतरीच लागतं. तिबेटी लोक नाचतात, पाय आपटतात, प्रेमगीतं गातात, हे शेंगच्या रचनेत तरी कळतं. शिवाय सात वर्षं त्यांच्यात राहिलेला माणूस आहे तो, चार दिवसांचा पर्यटक नाही.

खर्जप्रेमी : राहिला, मान्य. पण कोणाच्या पथकात? ते पथक सरकारी. त्याच काळात तिबेटात मठ उद्ध्वस्त होत होते आणि तिबेटी लोकचालींवर माओची स्तुतिगीतं बसवली जात होती.

तिरकिट : त्याचा जाब पंधरा वर्षांच्या पोराला विचारायचा? तोही पाठवलेलाच होता की. क्रांतीच्या जखमांवर त्यानं 'हुन' (१९८८) लिहिली, तीही ऐका.

मधली सुट्टी : दोघांनाही एक विचारतो. ल्हासाच्या नांगमा गाण्यांना द्रानयेनसोबत पिवांग (गजानं वाजवायचं तंतुवाद्य) आणि यांगचिनची साथ असते. यांगचिन म्हणजे चिनी यांगछिन, आपल्या संतूरची लांबची बहीण. शुद्ध तिबेटी म्हणजे नक्की काय धरायचं मग?

खर्जप्रेमी : भेसळीबद्दल तक्रारच नाही माझी. यांगचिन ल्हासाच्या वादकांनी आपल्या मर्जीनं घेतलं. इथे मर्जी कोणाची? दलाई लामा भारतात आले त्याच १९५९ साली निर्वासितांनी कलासंस्था काढली, धरमशाळेत ती आजही ल्हामो (तिबेटी संगीतनाटक) शिकवते. तिथल्या कलाकाराला वाद्यवृंदासमोर बसवा, रचनेखाली त्याचंही नाव घाला, मग मी टाळ्या वाजवीन.

तिरकिट : बसवा ना, कोण नको म्हणतंय. पण ल्हामोला साथ फक्त ढोल आणि झांजांची. वर ऐंशी वादक बसवले तर तो गळा बुडेल. शेंगनं गळ्याला हात न लावता फक्त नाच घेतला, यात मला शहाणपण दिसतं.

मधली सुट्टी : आपल्या गोंदिया जिल्ह्यातही तिबेटी वसाहत आहे. विदर्भातल्या कोणी तिथली गाणी ऐकली असतील तर लिहा. तिथल्या लोकांना 'टिबेटन स्विंग' ऐकवून काय वाटतं ते विचारता आलं तर फारच उत्तम.

खर्जप्रेमी : विचाराच. त्यांना आवडली तरी रचनेखाली नाव घालण्याचा मुद्दा मी सोडणार नाही.