मे महिन्यात अख्खं कुटुंब समुद्राकाठी: घर कुठे घ्यावं? (सल्ला हवा)

माजघर
नमस्कार मंडळी. आमचं आजोळ रत्नागिरी जिल्ह्यातलं. आजी होती तोवर मे महिना म्हणजे सगळी मामे-मावस भावंडं तिथेच. आजी गेली, पुढे घरही विकलं गेलं. आता आम्हा भावंडांना पोरं झाली आहेत, आणि त्यांची एकमेकांशी ओळख फक्त लग्नकार्यातली. म्हणून ठरवलंय की येत्या मेपासून (२०२६) दरवर्षी आठवडाभर सगळ्यांनी समुद्राकाठी एकाच घरात राहायचं. एकूण तेवीस माणसं. चौघं सत्तरीपुढची, त्यात मामींचे गुडघे दुखरे. सर्वांत धाकटं पिल्लू दोन वर्षांचं. निम्मी मंडळी मासे खाणारी, निम्मी शाकाहारी. ठाणे, पुणे आणि बंगळूरहून येणार.
हॉटेलातल्या सुट्या खोल्या नकोत, पडवी-अंगण असलेलं घर हवं. दिवेआगर, मुरूड-कर्दे की गुहागर? आणि तारखा कोणत्या धराव्यात?

खालचापाट
गुहागर घ्या. गावाचा रस्ता समुद्राला समांतर जातो आणि त्याच्या पश्चिमेच्या घरांच्या वाड्या मागे थेट पुळणीपर्यंत पोचतात. मागीलदारी उतरलं की नारळी-पोफळीतून चालत समुद्र. मुलांना मोठा रस्ता ओलांडावा लागत नाही, म्हाताऱ्या माणसांना वाडीच्या सावलीत खुर्च्या टाकून बसता येतं. किनारा सहा किलोमीटरच्या आसपास लांब, त्यामुळे मे महिन्यातही गर्दी विखुरलेली असते. एखादा दिवस वेळणेश्वर आणि हेदवीला जाऊन या. हेदवीला दशभुज गणपती आहे. तिथलीच बामणघळ (समुद्राकाठच्या खडकातली अरुंद घळ) भरतीच्या वेळीच पाहण्यासारखी, पण मुलांना कड्याच्या टोकाशी सोडू नका.

घर ठरवताना मालकांना पहिला प्रश्न पाण्याचा विचारा. मेमध्ये कोकणातल्या विहिरी तळाला जातात. तेवीस माणसांच्या दोन वेळच्या अंघोळी (समुद्रावरून आलं की दुसरी होतेच), कपडे, भांडी. विहिरीला पाणी किती टिकतं, टाकी केवढी, टँकर मागवावा लागला तर पैसे कोणाचे, हे आधी बोलून घ्या. दुसरा प्रश्न विजेचा. वळवाचं वादळ झालं की वीज जाते, कधी रात्रभर. इन्व्हर्टरवर निदान पंखे चालतात का ते पाहा. तिसरं, मामींसाठी तळमजल्यावर खोली आणि कमोड. जुन्या घरांचे उंबरे उंच असतात आणि न्हाणीघर बऱ्याचदा मागे वेगळं असतं. फोटोत हे कळत नाही. शक्य असेल तर फेब्रुवारीत दोघांनी जाऊन घर बघून या.

जेवणाचंही विचारून घ्या. गुहागरातल्या बऱ्याच घरगुती खानावळी शाकाहारी आहेत, आणि काही मालकांना घरात मासे शिजवलेले चालत नाहीत. मासेखाऊ मंडळींची सोय बाहेर करायची की तसंच घर शोधायचं, हे आगाऊ ठरवा.

कर्देप्रेमी
लहान मुलं आहेत म्हणून कर्द्याला माझं मत. किनारा सपाट आणि रुंद आहे, ओहोटीला क्रिकेटचं मैदानच होतं. हर्णै जवळ असल्याने संध्याकाळी बंदरावरचा माशांचा लिलाव मुलांना दाखवता येतो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. एका सकाळी आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला जा. रेल्वेने येणाऱ्यांनी खेडला उतरायचं.

उधाण
तारखांबद्दल. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. अधिक महिन्यात आपल्याकडे लग्नमुंज नसते, त्यामुळे "त्या दिवशी लग्न आहे" हे कारण कोणाकडूनच येणार नाही. एवढ्या माणसांची मोट बांधायची तर याचा फार उपयोग होतो. १७ ते २३ मे धरा. मेच्या शेवटच्या आठवड्यात समुद्र खवळायला लागतो, मुलांना पाण्यात सोडता येत नाही.

आता भरती-ओहोटी. आमच्याकडे तिथीच्या पाऊणपट हा हिशेब करतात. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तितके तास दुपारी बारानंतर मोजायचे, ती पूर्ण भरतीची वेळ. रात्री बारानंतर मोजले की दुसरी भरती. १७ मेला अधिक शुद्ध प्रतिपदा, म्हणजे भरती पाऊण वाजता आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळ सातच्या सुमाराला. चतुर्थीला भरती तीनला, ओहोटी नऊला. अष्टमीला भरती सहाला. थोडं मागेपुढे होतं, पण दिवस आखायला पुरतं.

पोहायला पाणी चढत असतानाच उतरायचं, ओहोटी लागली की सगळे बाहेर. ओहोटीचं पाणी माणसाला आत ओढतं. सुरुवातीचे दिवस अमावास्येला लागून असल्याने उधाणाचे आहेत, पाणी पटकन वर येईल आणि तितक्याच जोराने खाली जाईल. आणि मोठ्यांपैकी दोघांनी पाण्यात न जाता फक्त मुलांवर नजर ठेवून काठावर उभं राहायचं. पाळी लावा. सगळेच बघताहेत असं प्रत्येकाला वाटतं तेव्हा कोणीच बघत नसतं. हे मी फार कळकळीने लिहितोय. हरिहरेश्वरला गेलात तर तिथल्या खडकांवर पाण्याजवळ अजिबात जाऊ नका, तिथे माणसं वाहून गेली आहेत.

माजघर
खालचापाट, उधाण, मनापासून आभार. पाऊणपटीचा हिशेब आजोबा करायचे हे आईला लगेच आठवलं. आता नाजूक विषय. खर्च कसा वाटावा, आणि स्वयंपाकाचं काय? आमच्यात एक भाऊ आर्थिकदृष्ट्या सध्या अडचणीत आहे, त्याला अवघडल्यासारखं होऊ नये.

थोरलीजाऊ
ताई, आमच्या घरची अशी सुट्टी बरीच वर्षं चालू आहे, म्हणून सविस्तर लिहिते. अशी सुट्टी मोडते ती जागेमुळे नाही. घरातल्या त्याच दोन-तीन बायकांचा आठवडा ओट्यापाशी जातो आणि पुढच्या वर्षी त्यांचा पाय निघत नाही, तेव्हा मोडते. आजोळी आपण मजा करायचो तेव्हा आजी आणि माम्या काय करत होत्या ते आठवून बघा. तुमच्या मामींना आता तरी पडवीत बसू दे.

दुपारचं जेवण सरळ घरमालकांकडे किंवा खानावळीत सांगा, दररोज. त्यात काटकसर नको. सकाळचा नाश्ता पुरुष मंडळींकडे: पोहे, उपमा, मऊभात, फार तर अंडी. घावनेच हवेत असं कोणी म्हणालं तर त्यानेच घालावेत. रात्री एकच पदार्थ, खिचडी किंवा पिठलंभात, आणि दर रात्री वेगळ्या बिऱ्हाडाची पाळी. पाळीचा कागद पहिल्या दिवशी भिंतीला लावा. भांडी घासायला आणि केरफरशीला गावातली बाई मिळते का हे मालकांना विचारा. मिळाली तर तिला चांगले पैसे द्या, तेवीस माणसांचं काम आहे.

आंबे मात्र भरपूर. तयार पेट्यांपेक्षा बागेतून अर्धेकच्चे आंबे घ्या आणि पडवीत गवतात आढी लावा. रोज सकाळी आढी चाळून पिकलेले वेगळे काढायचं काम मुलांचं. वास घेऊन पिकलेला आंबा ओळखायला आमची शहरातली पोरं अशीच शिकली. फणस मिळाला तर एकदा कुयरीची (कोवळ्या फणसाची) भाजी आणि एकदा गरे. कापायला जाणता माणूस घ्या, चीक हातचा जात नाही, तेल लावून बसा.

पैशांचं असं. घरभाडं बिऱ्हाडावर, जेवणखाण माणशी. पाच वर्षांखालच्यांचे धरायचे नाहीत. सत्तरीपुढच्यांचा वाटा त्यांच्या मुलांनी सगळ्यांनी मिळून उचलायचा. ते "आम्ही देतो" म्हणतीलच, त्यांच्याकडून मुलांना कुल्फी घ्या. हिशेब एकाच माणसाकडे, दरवर्षी वेगळ्या घरातल्या, आणि रोज रात्री ग्रुपवर टाकायचा. तुमच्या भावाबद्दल: डिसेंबर-जानेवारीपासून प्रत्येक बिऱ्हाडाने दरमहा ऐपतीप्रमाणे रक्कम सामायिक खात्यात टाकावी, आणि कोणी किती टाकले हे फक्त हिशेबवाल्याला माहीत असावं. उरलेलं ज्यांना जमेल त्यांनी न बोलता भरायचं. आमच्याकडे हे चाललंय, आणि ज्यांनी एके काळी कमी दिले तेच आता जास्त देतात.

भटकभवानी
सगळं पटलं, पण दरवर्षी तीच जागा कशाला? एक वर्ष तारकर्ली, एक वर्ष वेळास, मुलांना किनारा वेगवेगळा दिसेल.

थोरलीजाऊ
मोठ्यांना कंटाळा येईल कदाचित, मुलांना येत नाही. तीच विहीर, तोच गडगा, तोच शेजारचा कुत्रा, आणि गेल्या वर्षी हात न पोचलेली फांदी. त्यांना गाव मिळतं ते असंच. निदान पहिली काही वर्षं एकच घर धरा. मालकांशीही घरोबा होतो, पुढच्या वर्षीच्या तारखा निघतानाच सांगून ठेवता येतात.

माजघर
एक घर, एक गाव, पक्कं. गुहागरच घेतोय, फेब्रुवारीत मी आणि मामेभाऊ बघून येऊ. शेवटचे दोन प्रश्न. पुण्याची मंडळी सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर करणार आहेत, दाभोळच्या फेरीबोटीवर ती चढते का? आणि ठाणेकर रेल्वेने येणार, आरक्षण कधी उघडेल?

खालचापाट
चढते, बससुद्धा चढते. पण पुण्याहून गुहागरला थेट येताना फेरीची गरज नाही, चिपळूणवरून या. हर्णै-मुरूडला एक दिवस जाणार असाल तेव्हा धोपावे-दाभोळ फेरी घ्या, चिपळूणचा मोठा वळसा वाचतो. शेवटची फेरी किती वाजता ते जातानाच विचारून ठेवा.
रेल्वेसाठी चिपळूण स्टेशन, तिथून गुहागर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. आरक्षण आता प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे मार्चच्या मध्यावर. मेच्या कोकणातल्या गाड्या पहिल्याच दिवशी भरतात, तेव्हा सकाळी आठला दोघा-तिघांनी वेगवेगळ्या ठिकाणांहून बसा. परतीचं तिकीटही त्याच आठवड्यात, ते सगळे विसरतात.