पॅट्रिशिया रटलेज : तुमच्या आठवणी सांगा

अबोली
परवा लिव्हरपूलची मॅच लागली होती. प्रेक्षकांनी त्यांचं ते नेहमीचं गाणं, 'यू विल नेव्हर वॉक अलोन', सुरू केलं आणि मला एकदम ब्रिटिश अभिनेत्री पॅट्रिशिया रटलेज आठवल्या. १९९२ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरने 'कॅरोसेल' हे संगीत नाटक केलं, त्यात हेच गाणं त्यांच्या तोंडी होतं. आणि त्याच वर्षांत टीव्हीवर 'कीपिंग अप अपिअरन्सेस' या विनोदी मालिकेत त्यांची हायसिंथ शेजारच्या एमेटला बघून गाण्याचा असा काही गळा काढायची की तो बिचारा घरात पळायचा! सासूबाईंचं आणि माझं बोलणं तेव्हा बेताचंच होतं. ही मालिका बघताना आम्ही पहिल्यांदा एकत्र हसलो. तुमच्याही आठवणी लिहा.

वाटसरू
हायसिंथचा नवरा रिचर्ड!! आमचे काका हुबेहूब. गाडी चालवताना काकू शेजारून सूचना देणार, हे नुसते "हो, हो".

निशिगंध
अगं, त्या गाणं शिकलेल्या होत्या. 'डार्लिंग ऑफ द डे' हे संगीत नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर जेमतेम ३१ प्रयोग चाललं, तरी १९६८ चं टोनी हे नाट्यपारितोषिक मिळालं त्यांना. पुढे १९८८ ला 'कँडीड'साठी लंडनचं ऑलिव्हिए पारितोषिक. माझी लेक गाणं शिकते, तिला मुद्दाम बेसूर गा म्हटलं तर जमतच नाही. तेव्हापासून हायसिंथच्या त्या ताना मी वेगळ्या कानांनी ऐकते.

सह्यमित्र
अवांतर : मॅच कोण जिंकलं?

वाटसरू
@सह्यमित्र, दादा, इथे नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. पण बाईंचा जन्म बर्कनहेडचा, म्हणजे लिव्हरपूलच्या समोर, नदीपलीकडे. तेव्हा अगदीच अवांतर नाही.

कांचन
मी 'अ लेडी ऑफ लेटर्स'बद्दल लिहिते. अ‍ॅलन बेनेटचं एकपात्री, बीबीसी, १९८८. एकटी बाई, सगळ्यांच्या तक्रारी करणारी पत्रं लिहीत बसते. त्या पत्रांपायी शेवटी तुरुंगात जाते आणि तिथे तिला माणसं भेटतात, ती खुलते. कॅमेऱ्यासमोर फक्त रटलेज. चेहऱ्यावरचं एवढंसं काही हलतं आणि आपल्या पोटात कालवतं. आमच्या जुन्या सोसायटीत अशाच एक मावशी होत्या. पाण्याची वेळ, जिन्यातला दिवा, सगळ्यावर कमिटीला पत्र. त्यांच्याकडे कधी कोणी चहाला गेलेलं आठवत नाही. हे पाहिलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

निशिगंध
कांचन, 🙏 मावशी आता कुठे असतात?

कांचन
गेल्या गं.

मोगरा
कुकर लावलाय, पटकन लिहिते. बीबीसी रेडिओ ४ वरचं 'लेडीज ऑफ लेटर्स' ऐका. रटलेज आणि प्रुनेला स्केल्स एकमेकींना पत्रं लिहितात, गोड बोलून टोमणे नुसते! चित्र नाही, हावभाव नाहीत, सगळं आवाजावर. मी पोळ्या लाटताना ऐकते. दोघी एकाच महिन्यात गेल्या, ऑक्टोबर २०२५. रटलेज ३ तारखेला, वय ९६. स्केल्स २७ ला. फार वाईट वाटलं.

सह्यमित्र
पोळ्यांवरून आठवलं, गव्हाचं पीठ कुठलं आणतेस? आमच्या कडक होतात.

मोगरा
दळून आणते. शिट्टी झाली, पळते.

रानवारा
'हेटी वेनथ्रॉप' मालिकेचं नाव कोणीच कसं घेतलं नाही? हायसिंथ जोरात चालू असताना बाईंनी स्वतःहून ती थांबवली, १९९५ ला, आणि लगेच ही साठीतली गुप्तहेर. तिच्या हाताखालचा पोरगा म्हणजे पुढे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' सिनेमातला मेरी नावाचा हॉबिट! साठीच्या बाईभोवती फिरणारी अख्खी मालिका, आईला याचंच फार अप्रूप होतं. ती स्वयंपाकघरातूनच ओरडून सांगायची, चोर कोण ते.