प्रतिसाद : सर्व समाजांचं सभागृह, निधी आणि पूररेषा

कृष्णाकाठच्या गावात सर्व समाजांसाठी एकच सभागृह बांधायचं तर आमदार निधी मागावा की खासदार निधी, असं एकाने विचारलंय. त्याआधी जागेचं बघा. पाटबंधारे विभागाच्या नकाशावर जागा निळ्या पूररेषेच्या (नदीकाठची बांधकामबंदीची हद्द) आत असेल, तर मंजुरीची आशाच नको. 2019 ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 45 फुटांची धोका पातळी ओलांडून पाणी 57 फुटांवर गेलं होतं. म्हणून निळ्या रेषेबाहेरही जोत्याची उंची गावातल्या पूरखुणेवरून ठरवा, रस्त्यावरून नको.

जागा ग्रामपंचायतीच्याच नावे हवी. गायरान (गुरं चारायची सरकारी जमीन) असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, वेळ बहुतेक तिथेच जातो.

ग्रामसभेच्या ठरावात 'बहुउद्देशीय सभागृह' असंच लिहा. देवळाशी जोडू नका, कारण देवस्थानाच्या आवारात खासदार निधी चालत नाही. देखभाल आणि वीजबिल कोण भरणार, तेही ठरावातच येऊ द्या.

दोन निधी जोडायचे असतील तर अंदाजपत्रकं वेगळी करा: एकात पाया ते छत, दुसऱ्यात फरशी, वीज, शौचालय. एकच बाब दोन्हीकडे दिसली की लेखापरीक्षणात आक्षेप येतो आणि काम अर्ध्यावर थांबतं. शौचालय मात्र पहिल्याच अंदाजपत्रकात बसवता आलं तर बसवा. त्याशिवाय बायका तिथे बैठकीला थांबणार नाहीत.