लातूर: नळ आला की कालचं पाणी ‘शिळं’ म्हणून ओततात, कसं थांबवावं?

घागरभर:
आमच्या गल्लीत पाच-सहा दिवसांआड नळ येतो. पाणी सुटलं की समोरच्या काकू आधी दोनशे लिटरचा ड्रम आडवा करतात. झाकलेलं, नितळ पाणी गटारात जातं. नळाला तोटी नाही, त्यामुळे भरून झाल्यावर अंगण, पायऱ्या, मोटारसायकल सगळं धुऊन निघतं.

२०१६ चा उन्हाळा याच गल्लीनं काढलाय. मांजरा धरण कोरडं पडलेलं, पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी. एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. तेव्हा ह्याच काकू नातवाला परातीत बसवून आंघोळ घालायच्या आणि परातीतलं पाणी संडासाला ठेवायच्या. मी ते त्यांच्याकडूनच शिकले. आता त्यांना तोंडावर कसं बोलू? पण ड्रम ओतल्याचा आवाज आला की माझ्या पोटात कालवतं.

हरंगुळकर:
ताई, पुढचा नळ कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून माणूस दिसेल ते भांडं भरतो आणि जागा करायला जुनं ओततो. वेळ पक्की कळली तर निम्मं ओतणं थांबेल. तोटी मात्र आजच बसवा, तिला कुणाची वाट बघायची गरज नाही.

आरोग्यसेविका_बीड:
काकूंचं सगळंच चुकत नाही. डेंगूचा डास साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आम्हीच आठवड्याला ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतो. पण कोरडा करायचा तो ड्रम. पाणी फडक्यातून गाळून बादल्यांत काढा, ते धुण्याला, संडासाला चालतं. ड्रम आतून घासा, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात. आणि झाकण घट्ट हवं, नुसती फळी ठेवून भागत नाही.

घागरभर:
ताई, हे मला सुचलंच नव्हतं. मी शिळ्या-ताज्यावरच अडून बसले होते.

काल नळ आला तेव्हा जुनी सुती साडी आणि आमच्या चार बादल्या घेऊन काकूंकडे गेले. म्हटलं, ड्रम घासू लागते. गाळताना साडीवर वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या, काकू दचकल्याच. त्यांनीच मग पाणी धुण्याच्या दगडापाशी नेऊन ठेवलं. तोटी त्यांचा मुलगा रविवारी बसवतो म्हणालाय.