रिकामा डबा परत द्यायचा का?

ऐरोलीची_सून
सलाम. विषय घरगुती आहे, पण अडकलेय खरी. दीड महिन्यापूर्वी सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. नवऱ्याची महाप्याला रात्रपाळी, माझी नोकरी ठाण्याला. साडेचारला उठून बेडपॅन, अंग पुसणं, पेज, मग लोकल. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी आपसात पाळ्या लावून रात्रीचा डबा सुरू केला. मला ते घेणंच जड गेलं! आमच्या नगरकडे डबा रिकामा परत देत नाहीत. म्हणून रात्री अकराला लाडवांसाठी बेसन भाजत बसायचे. गेल्या गुरुवारी ते करपलं आणि मी ओट्याशी उभी राहून रडले. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर टाकलं, "आता जमतंय, डबा नको." जमत काही नव्हतं.

रविवारी चर्चमध्ये पाळकांनी नेमका २ करिंथ १२ घेतला, बायबलमधल्या पौलाच्या पत्राचा अध्याय. 'माझी कृपा तुला पुरे आहे.' हे वचन आमच्या हॉलमध्ये लग्नापासून टांगलंय, दर नाताळला काच मीच पुसते. पण कृपेवर विसंबायचं म्हणजे नक्की करायचं काय? बेडपॅन तर मलाच द्यायचंय.

नौपाडा_काका
पौलाने शरीरातला काटा, म्हणजे कसलासा त्रास, निघावा म्हणून देवाला तीनदा विनवलं. निघाला नाही, मिळालं ते तुमच्या भिंतीवरचं उत्तर. पण हाच पौल करिंथात तंबू शिवायचा (बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय १८). तेव्हा 'देव बघेल' म्हणून हातावर हात ठेवणं म्हणजे कृपा, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. १ करिंथ १५:१० बघा. सगळ्यांपेक्षा जास्त राबलो म्हणतो, आणि त्याच दमात, राबलो तो मी नव्हे, माझ्याबरोबरची देवाची कृपा. मला हे बायपासनंतर कळलं. ३१ वर्षं मास्तरकी केली, कधी कोणाकडे खडू मागितला नाही. आणि मुलीला म्हणावं लागलं, पाठ चोळ गं.

चेंदणीकर
मी कॅथलिक, तरी बोलतो. कृपा की स्वतःचं बळ, हा वाद जुना आहे. पेलागियस नावाच्या जुन्या काळच्या ख्रिस्ती शिक्षकाचं म्हणणं, माणसाने मनावर घेतलं तर स्वतःच्या बळावर नीट वागता येतं. संत ऑगस्टीन त्याच्याविरुद्ध वर्षानुवर्षं लिहीत राहिले आणि ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने ती शिकवण नाकारली. तुमचे लाडू थोडे पेलागियसचे वाटतात 🙂 राग नसावा.

घणसोली_से७
लाडवांना नावं ठेवू नका हो, करणारीला विचारा! ताई, स्तोत्र ११६ काढा. परमेश्वराच्या उपकारांची फेड कशी करू, असं तो भक्त विचारतो. आणि लगेच काय म्हणतो? तारणाचा प्याला हाती घेईन. फेडायचं म्हणता म्हणता आणखी घेतोच की! पुढे नवसही फेडतो, पण आधी प्याला. डबा घासून तसाच द्या. माझ्याकडे लोकांचे तीन डबे पडलेत, कोणाचे तेही आठवत नाही.

ऐरोलीची_सून
काल ग्रुपवर लिहिलं, "जमत नाहीये." चार शब्दसुद्धा नाहीत, पण टाइप करायला अर्धा तास लागला. आज मेथीची भाजी आणि भाकरी आली. सासूबाईंनी दोन घास जास्त खाल्ले. डबा घासून दारामागच्या पिशवीत ठेवलाय. चिमूटभर साखर टाकलीय आत, तेवढं चालवून घ्या.