काल गच्चीवर पाहिलेली 'बाहुली' : सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

बी-२०४ : काल आलेल्या सगळ्यांचे आभार. सिनेमा 'डी पुप्पे', म्हणजे 'बाहुली'. १९१९चा जर्मन मूकपट, दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच. कसा वाटला, मोकळेपणाने लिहा.

ए-१०१ : खरं सांगू ताई? काकाचा पैसा मिळावा म्हणून बाहुलीशी लग्न लावणारा नवरदेव मला अजिबात रुचला नाही. आणि मठातले ते साधू! स्वतः पोटभर हादडायचं आणि त्या पोराला सल्ला द्यायचा तो हा.

बी-२०४ : काकू, तो रुचू नयेच. दुकानातल्या पोराच्या हातून बाहुलीचा हात मोडतो, बाहुल्या बनवणाऱ्या कारागिराची मुलगी तिच्या जागी उभी राहते, आणि तिथून सिनेमा तिचा होतो. लग्नाच्या जेवणात मान ताठ, नजर स्थिर. नवऱ्याची पाठ वळली की घास तोंडात! तिचं काम करणाऱ्या ओसी ओस्वाल्डाची बोटंसुद्धा लाकडी वाटतात हो. ज्याला गप्प बसणारी बायको हवी, त्याच्या शेजारी भूक लागलेली जिवंत मुलगी बसवलीये. मला त्या एका प्रसंगासाठी हा सिनेमा फार मोठा वाटतो.

ए-१०१ : भुकेचं लक्षात नव्हतं आलं. खरंय.

सी-३०३ : मला सुरुवात आवडली. लुबिच स्वतः खोक्यातून छोटं घर, झाडं, दोन बाहुल्या काढून मांडतो, आणि मग त्या घरातून खरी माणसं बाहेर येतात. झाडं कागदाची, घोडे म्हणजे सोंग घेतलेली माणसं. नातू ओरडला, "आत माणसं आहेत!" आणि गाडी निघाली तेव्हा माझाच हात घट्ट धरून बसला.
त्याच वर्षी आपल्या दादासाहेब फाळक्यांचा 'कालिया मर्दन' आला. त्यातही मंदाकिनी आधी नुसते चेहऱ्यावरचे हावभाव करून दाखवते, मग पडद्यावरच कृष्ण होते. बर्लिन कुठे, नाशिक कुठे! दोघांनीही जादू आधी उघडी करून दाखवली, तरी आपण रमतोच.

ए-१०१ : मंदाकिनी म्हणजे फाळक्यांचीच मुलगी ना?

सी-३०३ : हो वहिनी, पोटची पोर.

डी-४०२ : काका, मला मठातला शेवटचा भाग जरा लांबला असं वाटलं. बाकी मस्त. ताईंनी पडद्यावरच्या संवादाच्या पाट्या मराठीत वाचून दाखवल्या म्हणून आईला सगळं कळलं.

बी-२०४ : अरे, मठातच तर उंदीर येतो! मी जिवंत आहे असं ती कितीही सांगो, नवऱ्याला ती बाहुलीच वाटते. उंदराला घाबरून ती दचकते तेव्हा कुठे पटतं. तुझी आई सगळ्यात जोरात हसली तिथे.

डी-४०२ : हो, रात्री जेवतानाही तेच सांगत होती 😄

ए-१०१ : ताई, पेन ड्राइव्ह द्याल का दोन दिवस? सासूबाईंना गुडघ्यामुळे गच्चीचा जिना चढवला नाही. घरी टीव्हीवर लावते, पाट्या मी वाचीन.

बी-२०४ : संध्याकाळी आणून देते काकू.